शिशुमार नव्हे, लेकुरवाळा!

(कोकण किनाऱ्यावरील डॉल्फिनची शरीररचना, त्याचा अधिवास आणि त्याचे बालसंगोपन यांविषयी एका बालरोगतज्ज्ञाचे चार शब्द)

संस्कृतात डॉल्फिनला 'शिशुमार' असे नाव आहे. शब्दाची सरळ फोड केली तर अर्थ निघतो, बालकांना मारणारा. ज्याचे सारे व्यावसायिक आयुष्य लहान मुलांच्या सहवासात गेले, त्या माझ्यासारख्या डॉक्टरला हे नाव खटकल्यावाचून कसे राहील? श्रीमद्भागवताच्या पाचव्या स्कंधात आकाशातील तारकामंडळाची कल्पना याच शिशुमाराच्या रूपाने केलेली आहे आणि त्याच्या शेपटीच्या टोकाशी ध्रुवाला स्थान दिलेले आहे. म्हणजे आपल्या पूर्वजांनी या प्राण्याला थेट आकाशात बसवले, पण नाव मात्र असे भयंकर ठेवले. याच शब्दाचे रूप बदलत बदलत हिंदीत गंगेच्या डॉल्फिनला 'सूंस' म्हणू लागले आणि मराठीत तोच शब्द 'सुसर' होऊन भलत्याच प्राण्याला जाऊन चिकटला. मगर-सुसरींच्या दहशतीची छाया या निरपराध प्राण्याच्या नावावर पडली असावी, असे मला वाटते. कारण डॉल्फिनच्या चरित्राचा जसजसा परिचय होत गेला तसतसे ध्यानात आले की, एका पिल्लासाठी इतकी वर्षे खर्ची घालणाऱ्या माता प्राणिसृष्टीत फार थोड्या आहेत.

भोपाळात, त्यातही कोलार रोडवर राहणाऱ्या माणसाने समुद्रातील प्राण्यावर लेख लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु मित्रहो, आपण समजतो तितके आपण समुद्रापासून तुटलेले नाही. आपल्या वस्तीजवळून वाहणारी कलियासोत नदी बेतव्याला मिळते, बेतवा यमुनेला आणि यमुना गंगेला. या गंगा-यमुनेच्या खोऱ्यात, आपल्या मध्यप्रदेशच्या सीमेवरील चंबळमध्येसुद्धा, गोड्या पाण्यातला डॉल्फिन राहतो. २००९ साली त्याला राष्ट्रीय जलचराचा मान मिळाला. उलट दिशेला, ज्या कोलार नदीच्या धरणाचे पाणी आपण पितो ती नर्मदेला मिळते आणि नर्मदा खंभातच्या आखातातून अरबी समुद्राला. त्या समुद्राच्या किनाऱ्यालगत दुसरा एक डॉल्फिन राहतो. गंगेच्या डॉल्फिनविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. हा दुसरा मात्र कोकणात वर्षानुवर्षे सुटीला जाणाऱ्या आपल्या मंडळींनाही नीटसा ठाऊक नसतो. त्याचीच ओळख येथे करून द्यावयाची आहे.

नाव आणि कुळ

इंग्रजीत याला इंडियन ओशन हंपबॅक डॉल्फिन म्हणतात. शास्त्रीय नाव सूसा प्लम्बिया. आपल्या कोकणातले मच्छीमार डॉल्फिनला 'गादा' म्हणतात. आपल्या डॉक्टर मंडळींना शास्त्रीय नावातला दुसरा शब्द लगेच ओळखीचा वाटेल. लॅटिनमध्ये प्लम्बम म्हणजे शिसे; शिशाच्या विषबाधेला आपण प्लम्बिझम म्हणतो तो याच शब्दावरून. या डॉल्फिनचा रंग शिशासारखा काळसर राखाडी, म्हणून हे नाव. फ्रेंच शास्त्रज्ञ जॉर्ज क्युव्हिए यांनी १८२९ साली या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन केले आणि तेही आपल्याच मलबार किनाऱ्यावरून मिळालेल्या नमुन्यावरून. पुढे दीर्घकाळ याची गणना चीनच्या समुद्रातील गुलाबी-पांढऱ्या डॉल्फिनबरोबर एकाच जातीत होत असे. २०१४ साली कवटीची मापे, रंग आणि जनुकीय पुरावा यांच्या आधारे या कुळाच्या चार स्वतंत्र जाती मानण्यात आल्या आणि आपला शिसवी डॉल्फिन पुन्हा स्वतंत्र झाला. ही केवळ पंडितांची नावांची अदलाबदल नव्हती. चारही एकच मानले की संख्या मोठी दिसते; वेगळे मोजले की प्रत्येकाचे दारिद्र्य उघडे पडते.

शरीररचना

पूर्ण वाढलेला नर साधारण पावणेतीन मीटर लांब, मादी अडीच मीटरच्या आसपास. वजन अडीचशे किलोपर्यंत जाते. तोंड लांब, निमुळत्या चोचीसारखे. जबड्यांत मिळून सव्वाशे ते दीडशे दात, सारे एकाच आकाराचे आणि टोकदार. आपल्यासारखे सुळे, दाढा असे त्यांत प्रकार नाहीत. दुधाचे दात पडून नवे येण्याचा प्रकारही नाही; एकदा आले ते जन्मभराचे. हे दात चावण्यासाठी नसून निसटता मासा पकडून ठेवण्यासाठी असतात. मासा गिळला जातो तो सबंधच.

या जातीची खरी ओळख पाठीवर आहे. बैलाच्या वशिंडाची आठवण व्हावी असा एक लांबट उंचवटा पाठीच्या मध्यभागी असतो आणि त्या वशिंडावर लहानसा पर बसवल्यासारखा दिसतो. नरामध्ये हे वशिंड अधिक ठळक असते. कोकण किनाऱ्यावर याच पाण्यात कधी फिनलेस पॉरपॉइज दिसतो, पण त्याला चोचही नसते आणि पाठीवर परही नसतो. बॉटलनोज डॉल्फिनचा पर कोयत्यासारखा उंच व वाकडा असतो, पण वशिंड नसते. एवढ्या खुणा ध्यानात ठेवल्या तर होडीत बसलेला नवखा माणूसही तिघांत फरक करू शकतो.

बाहेरून मासा वाटला तरी आतून हा सर्वस्वी आपल्या गोत्रातला. पुढच्या वल्ह्यासारख्या अवयवाचा एक्स-रे काढला तर ह्यूमरस, रेडियस, अल्ना आणि बोटांची हाडे ओळीने दिसतील. मागचे पाय गेले, पण कटीच्या हाडाचे अवशेष स्नायूंत दडलेले आहेत. माशाची शेपटी डावी-उजवीकडे हलते, डॉल्फिनची वर-खाली. कारण त्याचा कणा धावणाऱ्या चतुष्पादाच्या कण्यासारखा वर-खाली लवणारा आहे.

श्वसनसंस्था तर आपल्यासारख्यांनी मुद्दाम अभ्यासावी अशी आहे. नाक डोक्याच्या माथ्यावर सरकलेले, त्याला एकच चंद्रकोरीच्या आकाराचे छिद्र. शांत श्वासात माणूस फुप्फुसांतील जेमतेम दहावा हिस्सा हवा बदलतो. डॉल्फिन एका श्वासात तीन-चतुर्थांशाहून अधिक हवा बदलून टाकतो. प्राणवायूचा मोठा साठा स्नायूंतील मायोग्लोबिनमध्ये असतो आणि बुडी मारताच हृदयाची गती मंदावते. स्वरयंत्राचा वरचा भाग लांब होऊन थेट नाकाच्या मार्गात शिरलेला असतो, त्यामुळे अन्नाचा आणि हवेचा रस्ता वेगळा राहतो. वाचकांतील बालरोगतज्ज्ञांना येथे आपले नवजात अर्भक आठवेल. तान्ह्या बाळाचे स्वरयंत्रही उंचावर, एपिग्लॉटिस टाळूच्या मऊ भागाला टेकलेला असतो. म्हणून तर ते नाकाने श्वास घेत घेत लुचू शकते. आपल्या बाळाची ही सोय काही महिन्यांत संपते, कारण पुढे त्याला बोलायचे असते. डॉल्फिनची जन्मभर टिकते.

तो बोलत नाही असे मात्र नव्हे. नाकाच्या मार्गातील विशिष्ट पडद्यांच्या कंपनातून तो टिचक्यांसारखे सूक्ष्म ध्वनी काढतो. कपाळातील चरबीची गादी, जिला मेलन म्हणतात, त्या ध्वनीचा झोत समोर टाकते. परत आलेला प्रतिध्वनी खालच्या जबड्यातील चरबीतून कानापर्यंत पोचतो. आपली सोनोग्राफी याच तत्त्वावर चालते. गढूळ पाण्यात राहणाऱ्याला डोळ्यांपेक्षा कानांचाच आधार अधिक.

उथळ पाण्याचा रहिवासी

दक्षिण आफ्रिकेच्या फॉल्स बेपासून पूर्व आफ्रिका, अरबस्तान, इराणचे आखात, पाकिस्तान आणि भारत असा या डॉल्फिनचा पट्टा पसरलेला आहे. नकाशावर हा पल्ला फार मोठा दिसतो. रुंदीला मात्र तो एखाद्या फितीएवढा अरुंद आहे. साधारण वीस-पंचवीस मीटरपेक्षा खोल पाण्यात हा प्राणी क्वचितच जातो आणि बहुतेक वेळा किनाऱ्यापासून दोन-तीन किलोमीटरच्या आतच राहतो. नद्यांची मुखे, खाड्या, खडकाळ समुद्रतळ, वाळूच्या दांड्यांनी अडवलेले शांत पाणी ही त्याची आवडती ठिकाणे. कच्छच्या आखातात तो आहे, मुंबईच्या किनाऱ्यालगत आहे, रायगड-रत्नागिरीत आहे, सिंधुदुर्गात आणि गोव्यात तर वरचेवर दिसतो.

याचे कारण सह्याद्रीत आहे. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, कर्ली, तेरेखोल अशा आखूड पण पावसाळ्यात दुथडी भरणाऱ्या नद्या डोंगरावरचा पाला, गाळ आणि क्षार थेट खाडीत आणून टाकतात. खाडीकाठी कांदळवने उभी आहेत. त्यांच्या मुळांत कोळंबीची आणि माशांची पिल्ले वाढतात. बोई, ढोमा, तारली अशी जी मासळी या पाण्यात मुबलक असते तीच या डॉल्फिनचे अन्न आहे. म्हणजे किनाऱ्यालगत राहणे ही त्याची लहर नसून त्याच्या उपजीविकेची अट आहे. अडचण एवढीच की माणसाचीही बंदरे, जाळी, सांडपाणी, पर्यटन हे सारे याच फितीवर येऊन पडते. वाघाला जंगलात मागे सरकता येते. या प्राण्याला मागे सरकायला जागा नाही. एका बाजूला जमीन आणि दुसऱ्या बाजूला त्याला न मानवणारे खोल पाणी.

प्रसूती आणि स्तनपान

आता माझ्या विषयाकडे वळतो. मादी साधारण दहाव्या वर्षी वयात येते, नर त्याहून दोन-तीन वर्षे उशिरा. गर्भकाळ दहा ते बारा महिन्यांचा. एका वेळी एकच पिल्लू. जन्मतःच ते सुमारे एक मीटर लांब असते, म्हणजे आईच्या लांबीच्या जवळजवळ दोन-पंचमांश. आपल्याकडे पायाळू मूल म्हटले की प्रसूतितज्ज्ञाच्या कपाळावर आठी चढते. डॉल्फिनमध्ये शेपटी आधी बाहेर येणे हाच नेहमीचा प्रकार. पिल्लू बाहेर येताच नाळ तुटते आणि त्याला पहिल्या श्वासासाठी पृष्ठभाग गाठावा लागतो. पाठीवरचा पर तेव्हा मऊ आणि वाकलेला असतो. गर्भाशयात घडी होऊन राहिल्याच्या उभ्या वळ्या अंगावर काही काळ स्पष्ट दिसतात.

स्तनपान पाण्याखाली चालते. आईची स्तनाग्रे पोटाच्या मागील भागातील दोन खाचांत लपलेली असतात. पिल्लाला ओठ नाहीत, त्यामुळे आपल्या बाळासारखे चोखणे शक्य नाही. ते जिभेच्या कडांची नळी करून स्तनाग्राला घट्ट वेढते आणि आई स्नायूंच्या दाबाने दूध त्याच्या तोंडात सोडते. एक-एक घोट काही सेकंदांचा, मग पुन्हा श्वासासाठी वर. म्हणूनच हे दूध फार सकस असावे लागते. मानवी दुधात स्निग्धांश चार टक्क्यांच्या आसपास असतो. डॉल्फिनच्या दुधात तो दहा ते तीस टक्के आढळतो आणि दुग्धशर्करा अगदी थोडी. पोहताना पिल्लू आईच्या बगलेला अशा जागी राहते की तिच्या अंगावरून सरकणाऱ्या पाण्याच्या ओढीने ते कमी श्रमात पुढे जावे. आपण कडेवर घेतो, ती बगलेला घेते.

पिल्लू पहिल्या वर्षातच मासा चाखू लागते, तरी अंगावरचे दूध दोन वर्षांहून अधिक काळ चालू राहते आणि आईची सोबत त्याहूनही अधिक. पुढच्या पिल्लाची वेळ सुमारे तीन वर्षांनी येते. आयुष्य चाळीस वर्षांच्या आसपास धरले, तर कागदावरच्या हिशेबाने एका मादीला फार तर दहा पिल्ले होतील. प्रत्यक्षात पहिली काही वर्षे ओलांडून मोठी होणारी त्याहून कितीतरी कमी. तारलीसारखा मासा एका हंगामात हजारो अंडी घालतो. त्याची हानी भरून निघू शकते. डॉल्फिनच्या कळपातून एक माता गेली तर तिची जागा भरायला दशक लागते. आपल्या भाषेत सांगायचे तर जन्मदर इतका अल्प की मृत्युदरातली किंचित वाढही लोकसंख्येला परवडणारी नाही.

एक सकाळ

वरील बरेचसे पुस्तकी ज्ञान. काही वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही सहकुटुंब तारकर्लीला गेलो असता, कर्ली नदी जेथे समुद्राला मिळते त्या देवबागच्या बाजूने एका मच्छीमाराच्या होडीतून सकाळी लवकर निघालो. तांडेल साठीच्या घरात असावेत. खाडीचे तोंड ओलांडून थोडे पुढे गेल्यावर त्यांनी होडी थांबवली आणि म्हणाले, "डॉक्टर, इंजिन बंद केलंय. आता गप ऱ्हवा. तेंका येवचा आसला तर ते आपणच येतले."

दहा-पंधरा मिनिटे केवळ लाटांचा आवाज. मग सौभाग्यवतींनी माझा दंड धरला. "अहो, ते बघा, दोन आहेत!" आधी चोच वर आली, मग ते वशिंड कमानीसारखे वळले आणि पाण्यात गेले. तिच्या पाठोपाठ, निमिषभराच्या अंतराने, फिकट रंगाची छोटी पाठ. आई आणि पिल्लू. न्यूमोनियाच्या बाळाचे श्वास मोजण्याची आम्हा लोकांची सवय जात नाही. मी नकळत घड्याळ पाहून मोजू लागलो. आई साधारण मिनिटाला एकदा वर येत होती, पिल्लू त्यापेक्षा लवकर लवकर. कित्येकदा आई खाली असताना ते एकटेच वर येऊन फुस्सकन श्वास सोडी आणि पुन्हा तिच्याकडे जाई.

तेवढ्यात पर्यटकांनी भरलेल्या दोन होड्या दुसऱ्या अंगाने वेगात आल्या. लोक उभे राहून आरडाओरडा करीत होते, छायाचित्रे घेत होते. त्यांच्या आनंदात दुष्टावा नव्हता. पण दोन्ही पाठी दिसेनाशा झाल्या. माझ्या घड्याळात जवळजवळ तीन मिनिटे गेली. त्या वर आल्या तेव्हा खूप लांब होत्या आणि समुद्राच्या दिशेने चालल्या होत्या. होड्या पुन्हा तिकडे वळल्या. आमचे तांडेल काही बोलले नाहीत. त्यांनी इंजिन चालू केले आणि होडी किनाऱ्याकडे घेतली.

मला त्या तीन मिनिटांचे फार वाटले. मोठ्या डॉल्फिनला तेवढी बुडी अवघड नाही. पण ज्या तान्ह्याला वरचेवर श्वास घ्यावा लागतो, आणि ज्याचे दूध पिणे काही सेकंदांच्या शांततेवर अवलंबून असते, त्याच्या मागे पर्यटनाच्या हंगामात दिवसभर इंजिने लागली तर त्याची किती पाजणी चुकत असतील, हा प्रश्न बालरोगतज्ज्ञाच्या मनात येणारच.

संकटे

पर्यटन हे त्यांतले सौम्य संकट. सर्वांत घातक ठरते ते गिलनेट, म्हणजे पाण्यात पडद्यासारखे उभे सोडलेले बारीक नायलॉनचे जाळे. ते माशाला दिसत नाही आणि डॉल्फिनच्या प्रतिध्वनीतही नीट उमटत नाही. अडकलेल्या डॉल्फिनला वर येता आले नाही की काही मिनिटांत तो गुदमरून मरतो. मच्छीमाराला हे नको असते. त्याचे जाळे फाटते, दिवसाची कमाई जाते. सिंधुदुर्गातील मच्छीमारांची तर अशी तक्रारच आहे की डॉल्फिन जाळ्यातली मासळी ओढतात आणि जाळी फाडतात. दोघेही एकाच कमी होत चाललेल्या मासळीवर जगत आहेत, हे या भांडणाचे मूळ. दक्षिण आफ्रिकेत तर पोहणाऱ्यांना शार्कपासून वाचवण्यासाठी लावलेल्या जाळ्यांत हे डॉल्फिन वर्षानुवर्षे मरत आले. तेथील एकूण संख्या पाचशेहून कमी असल्याचा अंदाज २०१८ च्या सुमारास प्रसिद्ध झाला.

दुसरे संकट आपल्या शास्त्राच्या अधिक जवळचे आहे. डीडीटी, पीसीबी यांसारखी विघटन न होणारी रसायने चरबीत साठतात आणि अन्नसाखळीच्या टोकाशी असलेल्या डॉल्फिनमध्ये त्यांचे प्रमाण फार वाढते. नर ती जन्मभर वाहतो. मादीजवळ मात्र ती बाहेर टाकण्याचा एक मार्ग असतो, आणि तो म्हणजे दूध. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील बॉटलनोज डॉल्फिनवर झालेल्या आणि १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की पहिलटकरीण मादी आपल्या शरीरातील या रसायनांचा सुमारे चार-पंचमांश साठा दूध पाजण्याच्या पहिल्या सात आठवड्यांतच पिल्लाच्या शरीरात उतरवते. दहा वर्षांत साठलेले विष पहिल्या बाळाला दोन महिन्यांत मिळते. येथे एक गोष्ट निक्षून सांगतो, कारण ही स्मरणिका घरोघरी वाचली जाते. यावरून मानवी मातेने स्तनपानाविषयी शंका घेण्याचे काडीचेही कारण नाही. आपण समुद्रातील मोठ्या माशांवर जन्मभर जगत नाही आणि आईच्या दुधाला पर्याय नाही.

तिसरे संकट रोगाचे. गोवराच्या विषाणूचा सगोत्र असा एक विषाणू डॉल्फिनमध्ये साथ पसरवतो. १९९० ते १९९२ या काळात भूमध्य समुद्रात त्याने हजारो पट्टेरी डॉल्फिनचे बळी घेतले. गोवर कुपोषित बालकाला अधिक छळतो हे आपण सारे जाणतो. अपुरी मासळी, चरबीत विष, सततची पळापळ अशा अवस्थेतल्या छोट्या कळपात असा विषाणू शिरला तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

या साऱ्याचा परिणाम म्हणून आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या २०१७ च्या नोंदीत ही जात 'धोक्यात आलेली' म्हणून दाखल झाली आहे. सुमारे पंचाहत्तर वर्षांच्या, म्हणजे डॉल्फिनच्या तीन पिढ्यांच्या काळात संख्या निम्म्याने घटण्याची भीती त्यामागे आहे.

उपाय आणि आपण

चित्र सगळेच काळे नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत डॉल्फिनला स्थान आहे. १९८७ साली मालवणचे सागरी अभयारण्य घोषित झाले. महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर कोंकण सिटेशियन रिसर्च टीमच्या अभ्यासकांनी डॉल्फिनच्या परांची छायाचित्रे घेऊन त्यांवरील खाचा, ओरखडे आणि व्रण यांवरून एकेक प्राणी ओळखण्याचे काम केले. आपण प्रत्येक बाळाचे कार्ड ठेवतो, वजनाची रेषा पाहतो, तसेच हे. एक प्राणी ओळखता आला की त्याचे वास्तव्य कोठे, सोबत पिल्लू आहे का, ते पुढच्या वर्षी दिसले का, हे सारे कळू लागते.

२०१८ च्या अखेरीस महाराष्ट्रात सुरू झालेली एक योजना मला विशेष वाटते. जाळ्यात अडकलेला संरक्षित सागरी प्राणी सोडवण्यासाठी मच्छीमाराने जाळे कापले आणि त्याचे छायाचित्र सादर केले तर त्याला पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. उपदेशापेक्षा असा व्यवहारी उपाय अधिक गुणकारी ठरतो, हे सार्वजनिक आरोग्याच्या कामात आपण सर्वांनी अनुभवलेले आहे. १५ ऑगस्ट २०२० रोजी जाहीर झालेल्या 'प्रोजेक्ट डॉल्फिन'मध्ये नदीबरोबर समुद्रातील डॉल्फिनचाही समावेश आहे. त्यातून नद्यांतील डॉल्फिनची देशव्यापी गणना होऊन २०२५ साली ६,३२७ हा आकडा प्रसिद्ध झाला. किनाऱ्यावरच्या डॉल्फिनचीही अशीच नियमित गणना होणे अगत्याचे आहे.

आपल्यापुरते काय? आपल्यातील पुष्कळ कुटुंबे हिवाळ्यात कोकण-गोव्याला जातात. होडी ठरवताना नाखव्याला आधीच सांगावे की आम्हाला पाठलाग नको, लांबून पाहायचे आहे. डॉल्फिन दिसताच इंजिन बंद करावे. पिल्लू दिसले तर आई आणि पिल्लू यांच्यामध्ये होडी घालू देऊ नये आणि थोड्या वेळात निघून जावे. असे ग्राहक वाढले तर होडीवाल्यांनाही पाठलागाचे इंधन जाळावे लागणार नाही. किनाऱ्यावर जिवंत डॉल्फिन पडलेला आढळला तर त्याला शेपटीने ओढू नये. अंगावर ओले कापड टाकावे, सावली करावी, माथ्यावरच्या श्वसनछिद्रात पाणी किंवा वाळू जाऊ देऊ नये, गर्दी हटवावी आणि वनखात्याला तत्काळ कळवावे. प्रथमोपचाराची तत्त्वे येथेही तीच आहेत: श्वसनमार्ग मोकळा, शरीराचे तापमान सांभाळा, योग्य ठिकाणी पोचवा.

आज कर्लीच्या मुखाशी एखादी मादी पिल्लाला जन्म देत असेल आणि ते पिल्लूही मादीच असेल, तर त्याला स्वतः आई होण्यास दहा-अकरा वर्षे लागतील. आज आपल्या ओपीडीत पहिली लस घेणारे बाळ तोवर पाचवी-सहावीत गेलेले असेल. त्या बाळाला एवढे मोठे करण्यासाठी आपण लसी, वजनकाटे, आहाराचे सल्ले आणि रात्री-अपरात्रीचे फोन असा केवढा व्याप मांडतो! त्या दुसऱ्या बाळाला आपल्याकडून औषध नको आहे. स्वच्छ पाणी, पुरेशी मासळी आणि दूध पिण्यापुरती शांतता, एवढेच त्याला पुरेसे आहे.